नारळीकर सरांचा सिद्धांत 'चुकला' म्हणजे नेमकं काय झालं?

पुस्तकपेटी

नमस्कार. सांगली जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात मी वाचनालय सांभाळते. चार कपाटं, एक पंखा आणि शनिवारी येणारी सात-आठ पोरं. २० मे २०२५ ला नारळीकर सर गेले तेव्हा त्यांची पुस्तकं दाराजवळच्या टेबलावर मांडली होती. ती अजून तिथेच आहेत, आत ठेवली की कोणीतरी मागतंच.

मध्यंतरी आमचे एक नेहमीचे वाचक, वय पंच्याहत्तर, पुस्तक परत करताना म्हणाले, "बाई, माणूस मोठा, पण जन्मभर महास्फोटाच्या विरोधात उभा राहिला. आणि महास्फोट खरा निघाला. सगळं पाण्यात की हो!" मी काहीतरी गुळमुळीत बोलले. शेजारी नववीतली एक मुलगी गोष्टींचं पुस्तक चाळत होती. आजोबा गेल्यावर ती म्हणाली, "मॅडम, विश्वाच्या सुरुवातीला कोण बघायला गेलं होतं? मग चूक सापडली कशी?"

शनिवारी सांगते म्हणाले. त्याला आता तीन शनिवार झाले. मी मराठी घेऊन बी. ए. केलेली बाई. इंटरनेटवर वाचायला गेले तर दुसऱ्याच परिच्छेदात लॉगॅरिदम. कोणी मला शाळकरी मुलीला सांगता येईल असं सांगेल का? चूक कोणी काढली, कशी काढली, आणि 'सगळं पाण्यात' हे खरं आहे का?

तिरपागडा

आधी पृथ्वी सपाट, मग मधोमध, मग सूर्य मधोमध, मग तोही कुठेतरी कोपऱ्यात. दर पन्नास वर्षांनी नवीन पाटी लावतात. मुलीला सांगा, परीक्षेपुरतं पाठ कर. ती पास होईपर्यंत बदललेलं असेल.

खोडदचा_वायरमन

ताई, मी शास्त्रज्ञ नाही. रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा आयटीआय केला आणि नोकरीची बहुतेक वर्षं खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर काढली. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्यांच्या केबली, रिसिव्हर, वरच्या जाळीत अडकलेली पाखरं, सगळं पाहिलंय. गणित मलाही झेपत नाही, पण मोजणी म्हणजे काय आणि ती कशी फसते हे हातांना माहीत आहे. तेवढ्यावर सांगतो.

पहिली दुरुस्ती तुमच्या मथळ्यात. सिद्धांत सरांचा नव्हे. 'स्थिर स्थिती'ची कल्पना १९४८ ची, केंब्रिजमधल्या तिघांची: हर्मन बाँडी, थॉमस गोल्ड आणि फ्रेड हॉइल. तेव्हा आपले सर दहा वर्षांचे, वडिलांच्या नोकरीमुळे बनारसला. हॉइलचे विद्यार्थी म्हणून ते यात आले १९६० मध्ये. म्हणजे भांडण आधीच पेटलेलं होतं आणि हे त्यात उतरले.

आता सिद्धांत. विश्व पसरतंय हे दोन्ही बाजूंना मान्य होतं. १९२९ मध्ये हबलने दाखवलं होतं की जितकी लांबची दीर्घिका तितकी ती वेगाने दूर जाते. महास्फोटवाले म्हणत, पसरतंय म्हणजे पूर्वी सगळं दाटीत होतं, फार पूर्वी फारच दाटीत आणि भयंकर तापलेलं. हे तिघे म्हणाले, तसंच काही नाही. एसटी स्टँड डोळ्यांसमोर आणा. गाड्या सुटतात, तेवढ्याच नव्या लागतात. सकाळी फोटो काढा नाहीतर दुपारी, फलाटावर गर्दी तेवढीच. दीर्घिका लांब जातात, मधल्या रिकाम्या जागेत नवं द्रव्य तयार होतं, त्याच्या नव्या दीर्घिका होतात. द्रव्य किती लागतं? एका घनमीटरला अब्ज वर्षांत हायड्रोजनचा एखादा अणू. इतकं थोडं की कुठल्याही प्रयोगशाळेत सापडणार नाही.

मग तुमच्या मुलीचा प्रश्न: बघायला कोण गेलं होतं? कोणीच नाही, आणि जायची गरजही नाही. लांबचं म्हणजे जुनं. अब्ज प्रकाशवर्षांवरून आलेला सिग्नल अब्ज वर्षांपूर्वी निघालेला असतो. मी कन्सोलवर बसून जे पाहायचो ते सगळे जुने फोटोच. आणि या तिघांनी ठणकावून सांगितलं होतं की जुना फोटो नव्या फोटोसारखाच दिसला पाहिजे. एक जरी वेगळा निघाला तरी आमचं संपलं. कसोटी त्यांनीच दुसऱ्यांच्या हातात देऊन ठेवली होती.

मोजणी अशी. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याकडे काजवे पाहायला गेला असाल तर तो अंधार आठवा. समजा जंगलात वर, खाली, चारी बाजूंना सारखेच काजवे आहेत. दुप्पट अंतरावरचा काजवा चौपट मंद दिसणार. पण दुप्पट त्रिज्येच्या गोळ्यात काजवे मावतात आठपट. म्हणून चौपट मंद काजव्यापर्यंत सगळे मोजले तर आकडा आठपट यावा. आठपटीहून जास्त आले तर लांब दाटी आहे, म्हणजेच पूर्वी दाटी होती. स्थिर स्थितीत तर विश्वाच्या पसरण्यामुळे लांबचे आणखी मंद होतात, त्यामुळे आकडा आठपटीहून थोडा कमीच यायला हवा. तुम्ही ज्या लॉगॅरिदमला अडलात ते एवढंच आहे.

केंब्रिजलाच मार्टिन राइल रेडिओ स्रोत, म्हणजे आकाशातल्या रेडिओ लहरी सोडणाऱ्या वस्तू, मोजत होते. १९५५ मध्ये त्यांनी १९३६ स्रोतांची यादी काढली आणि जाहीर केलं की मंद स्रोत आठपटीच्या कितीतरी वर आहेत, स्थिर स्थिती खलास. पण सिडनीला बर्नार्ड मिल्स यांनी आकाशाचा काही भाग आपल्या दुर्बिणीने तपासला तर दोन याद्या जुळेचनात. राइलच्या दुर्बिणीची नजर जाडी होती. जवळजवळ असलेले दोन-तीन मंद स्रोत तिला एकच वाटायचे आणि तो एक म्हणून नोंदला जायचा. यादीतले बहुतेक 'स्रोत' असे गोळाबेरीज निघाले! तेव्हा १९५५ मध्ये चुकले ते मोजणारे. हॉइल शंका घेत होते ती रास्त होती. तुमच्या आजोबांना हे जरूर सांगा.

राइलनी यंत्र सुधारलं, पुन्हा मोजलं. १९६१ च्या फेब्रुवारीत नवा आकडा जाहीर केला. पूर्वीइतका भडक नव्हता, पण आठपटीच्या वर होताच. त्यावर लंडनला रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत उत्तर द्यायला हॉइलनी उभं केलं कोणाला? बावीस वर्षांच्या जयंत नारळीकरांना. समोर राइल! त्यांचं म्हणणं होतं की काजवे सगळीकडे सारखे नसतील, झुंडीने असतील, आणि आपण झुंडीबाहेरच्या मोकळ्या जागेत असू तर जवळचे कमी दिसतील. दीर्घिकांच्या एवढ्या प्रचंड झुंडी तेव्हा फारसं कोणी मानत नव्हतं. पुढे त्या सापडल्या. मात्र त्यामुळे सिद्धांत वाचला नाही, कारण घाव दुसरीकडून आला.

तो सांगण्याआधी जरा माझं. एका वर्षी पावसाळा संपल्यावर आमच्या एका बाजूच्या डिशना रोज संध्याकाळी सातच्या सुमारास खरखर यायची. दिवसा स्वच्छ. रिसिव्हर बदलला, केबल बदलली, कनेक्टर साफ केले. शेवटी मी आणि एक सहकारी मोटारसायकलवर निघालो. तो चालवतोय, मी मागे हातात छोटी अँटेना आणि कानाला हेडफोन. शेतारस्त्याने फिरवत, जिकडे खरखर वाढेल तिकडे. साधारण दोन तासांनी एका विहिरीजवळच्या विजेच्या खांबाखाली कान फुटायची वेळ आली. इन्सुलेटरला केसाएवढी चीर. दव पडलं की तिच्यातून ठिणगी मारायचा. खाली कांद्याचं रोप, वर तड्तड् तड्तड्. शेतकरी दादा बॅटरी घेऊन आले, त्यांना वाटलं मोटार चोरायला आलोय.

आमचं सापडलं. १९६४ मध्ये न्यू जर्सीत होल्मडेलला पेन्झिआस आणि विल्सन यांचं सापडत नव्हतं. उपग्रहाच्या कामासाठी बांधलेला वीस फुटी शिंगासारखा अँटेना, त्यात सव्वासात-साडेसात सेंटिमीटर लहरीवर एक बारीक खरखर. न्यूयॉर्ककडे वळवला तरी तेवढीच, आभाळाकडे तरी तेवढीच. उन्हाळा-हिवाळा तेवढीच. सांध्यांवर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी चिकटवली. आत कबुतरांची जोडी राहत होती, ती धरून लांब पाठवली, तर पाखरं परत आली! विष्ठा खरवडली. खरखर तशीच. वायरमन म्हणून सांगतो, शेवटी माणूस स्वतःच्या डोक्यावर संशय घेतो. त्यांनी हिशेब सोडला नाही, हे मोठं. खरखर किती हे आमच्या कामात तापमानात मोजतात; साडेतीन अंश केल्विन (केल्विनचा शून्य म्हणजे उणे २७३ सेल्सिअस) जास्तीचे येतात, कारण माहीत नाही.

जवळच प्रिन्स्टनला डिके यांचा गट नेमकी हीच खरखर शोधायला यंत्र जुळवत होता. विश्व एके काळी तापलेलं असेल तर ती ऊब विझत विझत आज काही अंश उरली पाहिजे, आणि सगळ्या दिशांनी सारखी आली पाहिजे. फोनवर बोलणं झालं आणि डिके यांच्या लोकांना कळलं की आपल्या आधी दुसऱ्यांनाच मिळालं. १९६५ मध्ये दोन छोटे लेख शेजारी-शेजारी छापून आले. पेन्झिआस-विल्सन यांना १९७८ चं नोबेल. जुन्या टीव्हीवर चॅनेल नसताना मुंग्या यायच्या ना, त्यातल्या शंभरातली एखादी मुंगी तिथली.

एसटी स्टँडला कधीच आग लागलेली नव्हती असं म्हणणाऱ्यांना ही राख कुठून आली ते सांगता येईना. चूक सापडली ती अशी.

चिपळूणची_मास्तरीण

काका, कांद्याच्या रोपावरची ठिणगी उद्या वर्गात सांगणार! पण एक बाजू राहिली. या तिघांना दुसरा सिद्धांत काढावासा का वाटला? कारण १९४८ मध्ये महास्फोटच अडचणीत होता.

हबलच्या आकड्यावरून उलटा हिशेब केला तर विश्वाचं वय यायचं सुमारे २ अब्ज वर्षं. आणि भूशास्त्रज्ञ खडकांच्या किरणोत्सारावरून पृथ्वीचं वय त्याहून जास्त सांगत होते. लेक आईपेक्षा मोठी! अशा वेळी 'सुरुवातच नव्हती' म्हणणारे वेडे नव्हते.

चूक होती अंतर मोजण्यात. युद्धाच्या काळात लॉस एंजेलिसमध्ये दिवेबंदी होती, त्या अंधाराचा फायदा घेऊन वॉल्टर बाडे यांनी माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीने देवयानी दीर्घिकेतले तारे सुटे सुटे पाहिले. ताऱ्यांच्या दोन पिढ्या आहेत हे त्यातून लक्षात आलं. पुढे कळलं की ज्या स्पंदणाऱ्या ताऱ्यांना आपण मापाची काठी समजत होतो तेही दोन जातींचे आहेत, आणि हबलने एका जातीची काठी दुसरीला लावली होती. १९५२ मध्ये रोमच्या परिषदेत बाडे यांनी सांगितलं की अंतरं दुप्पट करा. मग वयही दुप्पट. त्या बैठकीचं टिपण लिहायला कोण बसले होते? फ्रेड हॉइल. महास्फोटावरचा आपलाच मोठा आक्षेप ढिला होताना त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून घेतला.

'सगळं पाण्यात' याबद्दल. स्थिर स्थितीत तापलेली सुरुवात नाही, म्हणून कार्बन, ऑक्सिजन, लोखंड हे सगळं ताऱ्यांच्या पोटातच शिजलं असं दाखवणं हॉइलना भाग होतं. त्यांनी सांगितलं की कार्बनच्या अणुगर्भाला एक ठरावीक ऊर्जापातळी असलीच पाहिजे, नाहीतर आपण इथे नसतो. कॅलटेकमध्ये शोधली तर सापडली. १९५७ चा बर्बिज पतिपत्नी, फाउलर आणि हॉइल यांचा लेख आजही पायाचा दगड आहे. मुलीला म्हणावं, तुझ्या रक्तातल्या लोखंडाचा हिशेब 'चुकलेल्या' माणसानेच मांडला. आणि हेलियम? विश्वातल्या साध्या द्रव्याच्या वजनात ते जवळजवळ पाव. १९६४ मध्ये हॉइल आणि टेलर यांनीच हिशेब करून दाखवलं की एवढं हेलियम आजच्या ताऱ्यांतून निघणं कठीण, कुठेतरी प्रचंड उष्णता हवी. स्वतःच्या सिद्धांताविरुद्धचा पुरावा स्वतः छापायला दिला.

डेनिस शियामा हे तर कट्टर स्थिरवाले. १९६० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी मार्टिन रीस या विद्यार्थ्याबरोबर क्वेसारांची, म्हणजे फार लांबच्या दीर्घिकांच्या अतितेजस्वी केंद्रांची, अंतरानुसार मोजदाद केली. लांबचे क्वेसार फाजील निघाले. शियामांनी सिद्धांत सोडला, उघडपणे.

तिरपागडा

बरं, मान्य. पण शियामांनी सोडला, तुमच्या सरांनी नाही सोडला. १९९३ मध्ये पुन्हा नवीन आवृत्ती काढली की. ती कोणत्या खात्यात टाकायची?

खोडदचा_वायरमन

तिरपागडे, हा प्रश्न चांगला काढलात, आणि मी सरांचा कितीही भक्त असलो तरी टाळणार नाही. १९९३ मध्ये हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी 'स्थिरवत स्थिती' मांडली. विश्व लांबवर पाहता तसंच, मधे मधे आकुंचन-प्रसरणाचे हेलकावे, आणि छोटे छोटे स्फोट. ती खरखर कुठून येते? तर ताऱ्यांचाच प्रकाश, लोखंडाच्या अतिसूक्ष्म सुयांनी शोषून पुन्हा सोडलेला. मला हे पटत नाही. कोबे उपग्रह १९८९ च्या नोव्हेंबरात गेला, काही आठवड्यांत त्याने त्या उबेचा आलेख काढला. तापमान २.७ अंश केल्विन, आणि वक्र इतका गुळगुळीत की पुस्तकातला वाटावा. सुयांतून गाळून इतका स्वच्छ वक्र येणं म्हणजे आमच्या ठिणगी मारणाऱ्या इन्सुलेटरमधून शास्त्रीय गायन ऐकू येणं. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनीही ते मानलं नाही.

पण एक गोष्ट बाहेर फारशी कोणी सांगत नाही. उटीची रेडिओ दुर्बीण १९७० ची, गोविंद स्वरूप यांनी बांधलेली. ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, डोंगराच्या अशा उतारावर की तिचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर होतो. उटी ११ अक्षांशावर, उतारही ११ अंशांचा! सुरुवातीला मला तिथे काही महिने शिकायला पाठवलं होतं. तो उतार रोज चढायला लागला की स्वरूप सरांच्या डोक्याला सलाम आणि गुडघ्यांना शिव्या. तिथे ते चंद्र स्रोताच्या आड जाताना सिग्नल कसा पडतो ते टिपायचे. त्यावरून स्रोताचा आकार कळतो. असे हजारच्या आसपास स्रोत झाले. १९७५ मध्ये स्वरूप आणि विजय कपाही यांनी दाखवलं की पूर्वीचे स्रोत संख्येने जास्त होते आणि आकाराने लहान. जुना फोटो वेगळा! स्थिर स्थितीवर आणखी एक खिळा, भारतातून.

आणि नारळीकर तेव्हा कुठे होते? १९७२ पासून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. स्वरूप आणि कपाहीही त्याच संस्थेचे. पुढे दोघांच्याही संस्था पुण्यात, गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात एकमेकींना लागून. एकाने दुसऱ्याचा सिद्धांत मोजून खोटा पाडायचा आणि दोघांनी एकाच आवारात संस्था वाढवायच्या. आमच्या गावात बांधाच्या भांडणात तीन पिढ्या बोलत नाहीत.

चिपळूणची_मास्तरीण

आणि महास्फोटवाल्यांनी फार मिरवू नये. पसरण्याच्या वेगाचे (ठरावीक अंतरामागे सेकंदाला किती किलोमीटर) आज दोन आकडे आहेत. त्या जुन्या उबेवरून काढला तर ६७ च्या आसपास, जवळच्या ताऱ्यांवरून आणि स्फोटांवरून काढला तर ७३ च्या आसपास. दोन्हीकडचे लोक आपली मापं पुन्हा पुन्हा तपासताहेत. कुठे इन्सुलेटर तडकलाय की खरंच काही नवीन आहे, अजून ठरायचंय.

पुस्तकपेटी

शनिवारी सांगितलं. काजव्यांचं गणित फळ्यावर मांडलं, एसटी स्टँडवर सगळी हसली. आजोबाही मुद्दाम येऊन मागे बसले होते. राइलची यादी चुकीची निघाली हे ऐकून त्यांनी मान हलवली, पण काही बोलले नाहीत. जाताना टेबलावरचं एक पुस्तक परत नेलं.

मुलीचा पुढचा प्रश्न आलाय, तो तसाच्या तसा लिहिते: "१९५५ ला मोजणारे चुकले आणि १९६१ ला बरोबर आले, तर १९५८ ला कोणाचं ऐकायचं?" मी म्हटलं खोडदच्या काकांना विचारते.

खोडदचा_वायरमन

१९५८ ला कोणाचंच ऐकायचं नाही, मोटारसायकल काढायची. म्हणजे दुसरी दुर्बीण बांधायची. सिडनी आणि केंब्रिज दोघांनीही तेच केलं.

तिला सांगा, सर असते तर त्यांनी पोस्टकार्ड मागितलं असतं. सही मागणाऱ्या पोरांना ते म्हणायचे, सही नाही, पोस्टकार्डवर प्रश्न लिहून पाठव, उत्तर देतो. हा प्रश्न त्या लायकीचा आहे.

आणि २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन असतं, तेव्हा पोरांना घेऊन या. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला उतरायचं, तिथून आत. मोबाईल बंद ठेवायला सांगतील, ते खरंच बंद ठेवा. एक चालू फोन आमच्या सगळ्या दीर्घिकांपेक्षा मोठ्याने ओरडतो. इन्सुलेटरचा तो खांब वाटेवरच आहे, विहिरीपाशी. मी दाखवीन.